दहा गाण्यांची ट्रायल

तो जिना उतरून आला तेव्हा दुकानात सहाच्या सहा मशिनी चालू होत्या आणि माझी नात टेबलावर वाकून एका करड्या कोटाची पाठ कापत होती. दारात उभा राहून तो काहीतरी बोलला. कुणालाच ऐकू गेलं नाही. मग त्याने चार बोटं दाखवली, ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी केविलवाणं तोंड केलं.

मी हात वर केला. मशिनी थांबल्या.

"चार मिनिटं," तो म्हणाला. "फक्त चार मिनिटं शांतता मिळेल का?"

माझ्या नातीने कात्री थांबवली, पण कापडातून काढली नाही. "कोण गेलं?" तिने हळूच विचारलं.

"अं?"

"शांतता पाळायची म्हणालात ना. लोक एक मिनिट पाळतात. चार म्हणजे कुणीतरी फारच मोठं गेलं असणार."

मशिनींवरच्या बायका फिसकन हसल्या. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तोही हसला, आणि हसताना त्याचे कान लाल झाले. मी माणसाचे कान बघते. तोंड फसवतं, कान फसवत नाहीत.

"गेलं कुणी नाही हो. वर गाणं रेकॉर्ड करतोय. मी गातोय, ती खिडकीत एकटीच उभी होती... आणि मागे तुमच्या सहा मशिनी. ऐकणाऱ्याला वाटेल खिडकीखालून आगगाडी चाललीय."

"जाऊ दे की," नात म्हणाली. "तेवढीच तिला सोबत."

चार मिनिटं मी दिली. पाचवं मागायला तो आला नाही, पण दुसऱ्या दिवशी आभार मानायला आला. तिसऱ्या दिवशी कशाला आला ते त्यालाही सांगता येईना.

हा आमचा वरचा भाडेकरू. दुकानाच्या डोक्यावर एक खोली आहे, ती त्याला दिली होती. एक गिटार, एक पलंग, आणि भिंतींना आवाज थोपवायला ठोकलेल्या जुन्या गाद्या. आम्ही सगळ्या त्याला 'वरचा' म्हणायचो. काजं करणारी आमची काजवाली मावशी एकदा सुस्कारा टाकून म्हणाली, "सगळं वरच्याच्या हातात," तर पोरी दहा मिनिटं हसत होत्या आणि तिला कळेना, आपण काय वावगं बोललो.

आणि माझी नात म्हणजे 'मास्टर'. कापड कापतो तो कटिंग मास्टर. तिच्याआधी होता त्याला एवढ्या मोठ्या मिशा होत्या. तो गेला, मिशा गेल्या, पद तेवढं राहिलं. तिचे आईबाप नोकरीपायी दुसऱ्या गावी, ही शाळेत असल्यापासून माझ्याजवळ. माझं स्वतःचं शिक्षण अक्षर लावण्यापुरतं, पण कात्री कशी धरायची ते तिला मी शिकवलं. आता ती माझ्याहून सरळ कापते, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

तर त्या तिसऱ्या दिवशी तो कोटाच्या गठ्ठ्याला टेकून उभा होता आणि आपला आल्बम समजावून सांगत होता.

"दहा गाणी आहेत, पण गोष्ट एकच. पहिल्या गाण्यात दोघं भेटतात, दुसऱ्यात पुढचं, तिसऱ्यात त्याच्या पुढचं... असं दहाव्यापर्यंत. सुटं गाणं ऐकायचं नाही. ओळीने ऐकायचं."

"म्हणजे सिनेमा," मास्टर म्हणाली, "पण बघायला काही नाही."

"डोळे मिटायचे. सगळं दिसतं."

"आम्ही डोळे मिटले तर बोटं जातील."

"मग उघडे ठेवा. फक्त माझ्याकडे बघू नका, मी गडबडतो."

"तुमच्याकडे कोण बघतंय? मी खांदा बघतेय. उजवा अर्धा इंच उतरलाय."

त्याने चटकन खांद्यावर हात ठेवला, जणू चोरी पकडली. "गिटारचा पट्टा... वर्षानुवर्षं त्याच खांद्यावर."

"तरीच शर्ट तिरका दिसतो. माणूस सरळ असेल."

"असेल म्हणजे?"

"माप घेतल्याशिवाय मी काही सांगत नाही," ती म्हणाली आणि कात्री चालू केली. कात्री नुसतीच चालली. खाली कापड नव्हतं. हे फक्त मला दिसलं.

---

ट्रायलची कल्पना तिची. आमच्याकडे कुठलाही कोट ट्रायलशिवाय जात नाही. आधी कच्च्या धाग्याने जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, कुठे ओढतो, कुठे फुगतो ते बघून टाचण्या लावायच्या, मगच पक्की शिलाई. एकदम पक्कं शिवलं की उसवताना कापड रडतं.

"तुमची गाणी कुणाच्या अंगावर घालून पाहिलीत?" तिने विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"आणि तशीच रेकॉर्ड कंपनीला देणार? आणा खाली. जेवणाच्या सुट्टीत. कच्ची असतील तशी."

मग काय, रोज जेवण झालं की मशिनी बंद आणि गिटार चालू. मी म्हटलं, बायकांना विरंगुळा होतोय तर होऊ दे. पहिल्याच दिवशी त्याने चार गाणी ऐकवली. आवाज चांगला. जरा दमलेला, पण चांगला. इस्त्रीची वाफ वर चढत होती, तिच्यातून तो अर्धामुर्धा दिसत होता, आणि पोरी गालाला हात लावून बसल्या होत्या.

संपल्यावर मास्टर बोलली. "दुसऱ्या गाण्यात ती खिडकीत. तिसऱ्यात खिडकीत. चौथ्यातही खिडकीतच. तिला काही काम नाही का?"

"ती वाट बघतेय."

"कुणाची?"

"त्याची."

"मग तो कुठे गेलाय?"

वरच्याने वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तो कुठे गेलाय हे त्याने लिहिलंच नव्हतं.

"तीन गाणी झाली, बिचारी जेवली पण नाही," काजवाली कळवळून म्हणाली.

"आधी तिला खिडकीतून उतरवा," मास्टर म्हणाली. "मग बघू तुमचा तो तिच्या लायकीचा आहे का."

"तो तसा चांगला आहे," वरचा पुटपुटला.

"ते तुम्ही म्हणणारच."

तो वही काखेत मारून वर गेला. दोन दिवस फिरकला नाही. आला तेव्हा गोष्टीतली पोरगी खिडकीतून खाली उतरली होती आणि कामाला लागली होती. काम कसलं ते गाण्यात नव्हतं. फक्त तिच्या बोटांना निळा खडू लागलेला होता.

सगळ्या बायकांनी मास्टरच्या बोटांकडे पाहिलं. मास्टरनेही पाहिलं आणि हात झटकन पाठीमागे घेतले.

"शाळेत शिकवत असेल," ती म्हणाली.

"निळ्या खडूने?" काजवालीने विचारलं.

"चित्रकलेची बाई असेल!"

वरचा गिटारची तार पिळत बसला होता. एवढी पिळली, एवढी पिळली, की तुटली.

असं दिसामाजी एकेक टाचणी लागत गेली. इथे ती एवढी हसणार नाही, टाचणी. इथे तो फार बोलतो, टाचणी. या कडव्यात नुसते उसासे आहेत, काढून टाका. तो सगळं वहीत लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी गाणं नीट बसवून आणायचा. मी लोकांचे कोट चाळीस वर्षं बसवतेय. एवढं ऐकणारं गिऱ्हाईक मला मिळालेलं नाही.

मग त्याला कंपनीत जायला कोट हवा झाला. मास्टरने माप घ्यायला टेप काढली, मी वही घेऊन आकडे उतरवायला बसले.

"हात खाली. सैल सोडा. श्वास सोडा."

"सोडलाय."

"मग छाती का हलतेय?"

"ते... माझ्या हातात नाही."

"हलणाऱ्या माणसाचं माप येत नाही."

"तुम्ही जरा लांबून घ्या, मग नाही हलणार."

"टेप काय फेकून मारू?"

ती बोलत होती तोऱ्यात, पण छातीचा आकडा तिने मला तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा वेगळा सांगितला. मी तिन्ही लिहून ठेवले.

आणि मला दिसलं, ही पोरगी चालली.

---

आता जे मी केलं ते लिहायला हात चालत नाही, पण लिहिते. तुम्ही पोरी हे वाचाल आणि म्हणाल, म्हातारी दुष्ट होती. म्हणा.

दुसऱ्या दिवशी मास्टर कापड आणायला बाजारात गेली होती. मी गुडघे धरत जिना चढले आणि त्याचं दार वाजवलं.

"आजी! तुम्ही कशाला चढलात? मला हाक मारायची."

"बसायला आले नाही. दोन गोष्टी सांगायच्यात. एक, महिनाअखेर खोली रिकामी कर. कापडाचे गठ्ठे ठेवायला जागा पुरत नाही."

त्याचा चेहरा उतरला, पण म्हणाला, "बरं. आणि दुसरी?"

"आमच्या मास्टरचं लग्न ठरलंय. आम्हाला बटणं पुरवतात, त्यांच्या घरात. लोकांच्या जिभा लांब असतात. तू आता खाली कमी येत जा."

हातातलं गिटार त्याने पलंगावर ठेवलं, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला ठेवावं तसं.

"तिला... आवडलंय का ते घर?" त्याने विचारलं.

"आवडलंय," मी म्हटलं.

"मग छान झालं," तो म्हणाला. "खरंच छान झालं, आजी. सांभाळून उतरा, तिसरी पायरी हलते."

बटणवाल्यांकडे लग्नाचा मुलगा होता हे खरं. पण त्याचा आणि आमचा बटणांपलीकडे एका शब्दाचा संबंध नव्हता. मी अख्खं लग्न उभ्या उभ्या बेतलं, शिवलं आणि त्याच्या अंगावर चढवून खाली आले. ट्रायल नाही, काही नाही.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत गिटार वाजेना. मास्टरने पहिल्या दिवशी दाराकडे सात वेळा पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही, आणि तेच मला जास्त लागलं. विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. ती विचारेचना. नुसती कापत राहिली. आणि चौथ्या दिवशी काजवाली एक कोट हातावर टाकून माझ्यासमोर आली.

"बाई, हे बघा बरं. मला चष्मा बदलायला झालाय का?"

चष्म्याला काही झालं नव्हतं. मास्टरने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या.

अशी चूक नवशिकी पोरगीसुद्धा एकदाच करते. माझ्या नातीने ती नवशिकी असतानाही केली नव्हती. मी कोट घडी करून कपाटात ढकलला आणि कुलूप लावलं.

---

महिनाअखेर आली. वरच्याने सकाळीच सामान बांधलं. संध्याकाळच्या गाडीने तो निघणार होता, दुसऱ्या दिवशी कंपनीला आल्बम द्यायचा होता. जाण्याआधी बँकेत काम होतं म्हणून बाहेर गेला, आणि जाताना दारातूनच, आत न बघता म्हणाला, "शेवटची ट्रायल राहिली होती. सगळी गाणी पक्की करून दुकानाच्या फोनवर पाठवलीत. दहाही. वेळ मिळाला तर ऐका."

मास्टर इस्त्रीपाशी होती. "वेळ कुठे आहे," ती म्हणाली. आणि तो वळणावर दिसेनासा झाला तशी म्हणाली, "मावशी, लावा."

दुकानाचा फोन म्हणजे गिऱ्हाइकांच्या निरोपांसाठी ठेवलेला, कड तुटलेला. काजवालीने तो मोठ्या आवाजाच्या डब्याला जोडला, ओळीने दहा गाणी दिसत होती, तिने सगळ्यात वरचं दाबलं. ते संपलं की त्याच्याखालचं, मग त्याच्याखालचं. आम्ही कापडाच्या यादीवरून काम करतो तेव्हा वरून खालीच येतो. दुसरं कसं असतं हे आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिलंच गाणं ऐकून सगळ्या दचकल्या. एक माणूस बॅग उचलतो, गाडीत बसतो, आणि मागे वळून बघत नाही.

"अगंबाई, सुरुवातच अशी?" एकजण म्हणाली.

"आता परत कसा येतो ती गोष्ट असणार," काजवाली म्हणाली आणि मांडी ठोकून बसली.

दुसऱ्या गाण्यात एक म्हातारी होती. ती जिना चढून येते आणि सुईसारख्या आवाजात सांगते, पोरीचं ठरलंय, तू खोली सोड. तो म्हणतो, छान झालं. म्हातारी जाते, आणि तो हलणाऱ्या पायरीची काळजी करत बसतो.

"कोण ही थेरडी?" काजवाली कडाडली. "हिच्या जिभेला काजं पाडायला पाहिजेत!"

"सहा सहा!" दुसरी म्हणाली.

मी सुई ओवत होते. ओवली जाईना. "असेल कुणीतरी," मी म्हटलं.

मास्टर माझ्याकडे बघत होती. इस्त्री उभी केली, हात बांधले, आणि बघत राहिली. पुढची आठ गाणी मी त्या नजरेखाली बसून ऐकली. त्यापेक्षा मला कुणी इस्त्रीवर बसवलं असतं तर बरं.

पण गोष्ट पुढे सरकली तशी बायका खुलल्या. तिसऱ्या गाण्यात तो जमिनीला कान लावून खालच्या कात्रीचा आवाज ऐकत होता. "आठवण येतेय हं," काजवालीने सांगितलं. चौथ्यात तो आरशासमोर उभा राहून, तिला काय सांगायचं ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. "बघा! येणार! तयारी चाललीय!" मग दोघं कशावर तरी पोट धरून हसली. मग ती त्याचं माप घ्यायला लागली.

"लग्नाचा कोट!" काजवाली ओरडली. "पोरींनो, लग्नाचा कोट बेततेय!"

त्याच्यापुढच्या गाण्यात ती त्याच्या प्रत्येक गोष्टीत चूक काढत होती. हे असं नको, ते तसं नको.

"झालं लग्न," एकजण म्हणाली, आणि सगळ्यांना पटलं.

मग खडूची बोटं आली. आणि मग शेवटचं गाणं. एक माणूस जिना उतरून येतो. खाली मशिनी चालू आहेत, एक मुलगी कापड कापतेय. तो दारात थांबतो, ओठांवर बोट ठेवतो आणि हात जोडून म्हणतो, चार मिनिटं... फक्त चार मिनिटं शांतता द्या. मुलगी मान वर करते. गाणं संपतं.

काजवालीने पदर डोळ्याला लावला आणि हुंदकाच फुटला तिला. "वर मूल झोपलंय गं!" ती म्हणाली. "म्हणून मशिनी थांबवायला आलाय! बाप झाला, बाप!"

सहा बायका एकदम रडायला लागल्या. मास्टरचा चेहरा लालबुंद झाला होता. ती ना रडत होती ना हसत होती, नुसती इस्त्रीचं बटण चालू-बंद करत होती.

आणि नेमका तेव्हाच वरचा दारात आला. बॅग खांद्याला, गिटार पाठीला. समोर सहा बायका डोळे पुसतायत.

"ऐकलीत?" त्याने घाबरत विचारलं.

"ऐकली," मास्टर म्हणाली.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"शेवट... पटला का?"

मास्टरने मान खाली घातली. टेबलावरचा खडूचा तुकडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "तसा चांगला आहे... पण मला जरा घाई वाटली."

"घाई?"

"म्हणजे... एकदम मूल?"

वरच्याच्या खांद्यावरून बॅग खाली पडली. "कुणाचं मूल?"

"आता कुणाचं म्हणून काय विचारता!" मास्टर उसळली. "आणि एवढं सगळं ठरवण्याआधी माणसाने समोरच्याला विचारायचं असतं. गाण्यात घालून मोकळं नाही व्हायचं. मी नाही म्हणाले असते असं नाही, पण—"

ती थांबली. बोलून गेली होती.

"मी कुठलंही मूल लिहिलेलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज पार चिरका झाला होता. "शेवटी तो गाडीत बसून निघून जातो."

"निघून तो सुरुवातीला जातो!" काजवाली म्हणाली. "मग म्हातारी येते, मग माप, मग लग्न, मग मूल झोपतं. आम्ही काय बहिऱ्या आहोत?"

वरच्याने टेबलावरचा फोन उचलला. बघितला. मग शेजारच्या स्टुलावर बसला.

"मी पहिलं आधी पाठवलं आणि दहावं शेवटी," तो सावकाश म्हणाला. "फोनवर शेवटी आलेलं सगळ्यात वर दिसतं. तुम्ही वरून सुरू केलंत."

काजवालीने बोटांवर मोजून बघितलं, पदराने नाक पुसलं आणि मान डोलवली. "म्हणजे मूल नाही," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटलं होतं.

"म्हणजे गोष्ट अशी," मास्टर एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "तो जिन्यातून येतो. सगळं चांगलं चाललेलं असतं. आणि एका म्हाताऱ्या बाईने तिचं ठरलंय म्हणून सांगितलं, की छान झालं म्हणतो आणि चालायला लागतो. तिला एका शब्दाने न विचारता."

"तिला ते घर आवडलंय असं कळलं होतं. त्याला."

"आजी," मास्टर म्हणाली. माझ्याकडे वळली नाही, त्याच्याकडेच बघत होती. "माझं कुणाशी ठरलंय?"

तो पोरगा माझ्याकडे बघत नव्हता. एक बोट माझ्याकडे केलं असतं तर मी सुटले असते. त्याने केलं नाही. फरशीकडे बघत राहिला.

"कुणाशीच नाही," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

चाळीस वर्षं मी या दुकानात बसतेय. कोट आखूड झाला तर गिऱ्हाईक वाढलं असं सांगितलंय, पण चुकले हा शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. काजवालीचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं. थेरडी कोण ते तिला आता कळलं होतं, आणि सहा काजांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"का पण, आजी?" मास्टरने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तोंड दिलं असतं.

"का म्हणजे? तू गेलीस तर मी कुणावर ओरडू दिवसभर?" मी म्हटलं. बोलायचं होतं चढ्या आवाजात, ते जमलं नाही. "घर खायला उठेल मला. म्हणून."

मास्टर टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. लहानपणी खाली पडलेल्या टाचण्या वेचायला बसायची तशी.

"आजी, हा राहतो कुठे?"

"वर."

"वर म्हणजे किती लांब?"

"चौदा पायऱ्या."

"मग मी गेले तरी किती लांब जाणार?"

मला हा हिशेब सुचलाच नव्हता, खरं सांगते. भीतीने माणूस एवढं मूर्ख होतं. "तिसरी हलते त्यातली," मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

मग ती उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. जरा लांबून, माप घेण्याइतकी.

"तुमची गोष्ट कंपनीला द्यायची तशी द्या," ती म्हणाली. "गाडीत बसवून पाठवायचं असेल त्याला तर पाठवा. गाणं चांगलं आहे, लोक रडतील. पण आम्ही कोट उलट्या बाजूनेच शिवतो. सगळ्या शिवणी, सगळे धागे बाहेर दिसतात. तेव्हा कुणी बघितलं तर म्हणेल, बिघडला. मग तो सुलटा करायचा असतो. तुम्ही उलटाच खांद्यावर टाकून निघालात."

"मग... सुलटा कसा करायचा?" त्याने विचारलं.

"मला विचारा. मी आहे ना इथे. ठरलेलं नाही माझं कुठे, आत्ताच ऐकलंत." तिची हनुवटी वर होती. "मला तुम्ही आवडता. झालं, मी माझं सांगितलं. आता तुम्ही बोला."

सहा बायका पुढे झुकल्या. दहा गाणी लिहिणारा माणूस तोंड उघडून उभा राहिला. मिटलं. पुन्हा उघडलं. एक अक्षर फुटेना. आणि त्या सगळ्या शांततेत त्याच्या पोटातून एवढा मोठा आवाज आला की इस्त्रीवाल्या पोरीने दचकून मागे बघितलं.

"तू जेवलास कधी?" मी विचारलं.

"काल... सकाळी बहुतेक."

"बहुतेक! बस खाली."

काजवालीने आपला डबा उघडला, कुणी दुसरा उघडला. मी माझ्या हाताने त्याला वाढलं. मास्टर समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर, आणि त्याच्या एकेका घासाकडे बघत राहिली, जणू तिच्याच पोटात जातोय. तो तिच्याकडे बघत होता आणि भराभर खात होता, आणि मध्येच, गाल दोन्ही बाजूंनी फुगलेले असताना, काहीतरी बोलला. मोठं वाक्य होतं. शेवटाला त्याला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" काजवाली माझा खांदा हलवायला लागली. "बाई, मला काहीच समजलं नाही!"

समजलं कुणालाच नव्हतं. पण मास्टर उठली, त्याच्यासाठी पाण्याचा पेला भरला, आणि तो त्याच्या हातात देताना तिने पेला सोडलाच नाही. दोघांनी मिळून धरला होता. अर्धं पाणी टेबलावर, नव्या कापडावर सांडलं. डाग पडणारं कापड होतं ते.

मी बघितलं, आणि ओरडले नाही.